सातव्या दिवसाचा गोळा

फाल्गुन लागला की मला राग येतो. लोकांना पळस दिसतो, कुणाला गाणं सुचतं. सालेकशाच्या आमच्या बाजूला या दिवसांत बाया उजाडताच टोपल्या घेऊन मोहाखाली जातात आणि दुपारपर्यंत अख्ख्या गावाला तो गोड, जरासा आंबूस वास सुटतो. मलाही येतो तो. पण त्याच्या मागोमाग दुसरा एक वास येतो, ओल्या मातीखाली लाकूड धुमसत असावं तसा, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. भट्टी जाऊन किती वर्षं झाली, वास काही जात नाही. डॉक्टर म्हणतो, या वयात रागावत जाऊ नका. फाल्गुनात मी त्याचं ऐकत नाही.

भट्टी आमची होती. नाल्याच्या उतारात खणलेला गोल खड्डा, आतून दगडामातीने लिंपलेला, पुढून हवा घ्यायला तोंड. धान कापून, मळून झालं, की आमचं घर शेतातून नाल्यात उतरायचं. कंकर वेचायला. कंकर म्हणजे नाल्याच्या काठी, बांधांच्या मातीत सापडणारे चुनखडीचे ओबडधोबड खडे. आल्यासारखे वाकडेतिकडे, मळकट, पोटात माती भरलेले. शिकलेले लोक त्याला हलक्या प्रतीची चुनखडी म्हणतात. म्हणोत बापडे. पण त्या पोटातल्या मातीमुळेच कंकराचा चुना पाण्याखाली दगड होतो, आणि शुभ्र चुनखडीचा देखणा चुना पाण्याखाली लोण्यासारखा मऊच राहतो. हे मला पुढे मास्तरीण झाल्यावर कुठल्या पुस्तकात भेटलं नाही. एका बाईने शिकवलं, जिला अक्षर म्हणून ठाऊक नव्हतं. त्या माझ्या सासूबाई, सगुणाबाई. आम्ही सासूला आत्याबाई म्हणायचो.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. मालगुजारी, म्हणजे गावावरची जमीनदारी, नुकतीच गेली होती. मी सतरा वर्षांची, चौथी पास, लग्न होऊन या गावात आलेली. गावातल्या सगळ्या बायांमध्ये मला एकटीला वाचता येत होतं आणि त्याचा मला केवढा तोरा होता! आत्याबाईंनाही माझं कौतुक. कुणी आलं की सांगायच्या, "आमची सून कागद वाचते, मास्तरावानी."

आणि मी त्यांच्याकडून भट्टी शिकत होते. कंकर नाल्याच्या डबक्यात खळखळून धुवायचा, वरची माती जाईस्तोवर. लिंबाएवढा फोडायचा. उन्हात वाळवायचा. मग भट्टीत एक थर लाकडांचा, एक थर कंकराचा, असं वरपर्यंत भरून ओल्या मातीने लिंपून घ्यायचं. तीन दिवस ती धुमसत राहायची. आच वाढली तर पोटातली माती वितळून खडा काचेसारखा खंगर होतो, कमी पडली तर आत कच्चा राहतो. आत्याबाई आच नाकाने ओळखायच्या. लुगड्याचा पदर तोंडावर धरून धुराजवळ उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "अजून कच्ची माती वास मारते. थांब." मी विचारायची, कळतं कसं? "तू दूध तापवतेस ना? उतू जाच्या आधी तुले कोन सांगते?"

भट्टी उघडली की एक रीत होती. पहिला गोळा पाण्याचा. चुना विझवून, वस्त्रगाळ करून, त्याचा लाडवाएवढा गोळा वळायचा, एक दिवस सावलीत ठेवायचा आणि मग पाण्याने भरलेल्या गाडग्यात सोडायचा. गाडगं झाकून ओसरीत. सात दिवस त्याला कुणी हात लावायचा नाही आणि भट्टीतला चुना कुणाला द्यायचाही नाही, भाऊ आला तरी नाही. सातव्या दिवशी गवंडी यायचे, आत्याबाई गोळा बाहेर काढून पुढे करायच्या आणि ज्याला चुना न्यायचा त्याने त्यावर नख रोवून पाहायचं. नख वाकलं की चुना पास. नख रुतलं तर आत्याबाई ती सगळी भट्टी नाल्यात ओतून द्यायच्या. माझ्यासमोर त्यांनी एकदा ओतली आहे. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

आता सांगते राग कशाचा ते.

आमच्या गावाचा तलाव मोठा, मालगुजाराच्या पणजोबाच्या काळचा. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, पोटातून पाणी सोडायची जी दगडी मोरी असते तिला आमच्याकडे तुडूम म्हणतात. त्या तुडुमातून पाट निघतो आणि पाटावर गावाचं धान. तलाव सरकारात गेला आणि त्याच वर्षी जुनं तुडूम ढासळलं. खात्याने नवं बांधायला घेतलं. ठेकेदार बाहेरचा, पण गवंडी आमच्याच बाजूचा, झिंगरू मिस्त्री. आत्याबाईंच्या चुन्यावर त्याची दोन तपं गेलेली. माघातल्या भट्टीचा चुना सातव्या दिवशी नख वाकवून तो घेऊन गेला आणि तुडुमाचा पाया, खालचे तीन थर, त्याने त्या चुन्यात बसवले. मी पाटी उचलायला होते तिथे. एका थरावर दुसरा बसताना झिंगरू दगडाशी बोलत असायचा, बस बाबा, हलू नोको.

मग ओव्हरसियर साहेब आले. जबलपूरकडचे, पायात बूट, तोंडात पान. मालगुजाराच्या घरून त्यांच्यासाठी खुर्ची आणली पाळीवर. त्यांनी आमचा चुना चिमटीत धरला आणि असं तोंड केलं की काय सांगावं. "ये चूना है? ये तो राख है. चूना सफ़ेद होता है, बाई."

रेल्वेने आलेला पांढरा चुना त्यांच्यासोबत होता. त्यांनी दोन घमेली मागवली. एकात त्यांचा खडा, एकात आमचा, आणि वरून पाणी ओतलं. त्यांचा खडा उसळला, फसफसला, वाफा सोडत फुलला. लोक मागे सरकले. आमचा खडा पाणी पिऊन शांत बसला, बऱ्याच वेळाने हळूच उकलला. साहेब हसले. म्हणाले, "मुर्दा है."

मी तेव्हा खाली मान घालून उभी होते. आत्याबाईंनी मान घातली नाही. "साहेब, पान्यात पडल्यावर उड्या मारते तो घर सारवाले चांगला. याले पान्यात बसाचा हाये, नाचाचा नाही." गावकरी हसले तसे साहेब चिडले. मग आत्याबाईंनी हात जोडले. माझ्या डोळ्यांसमोर आहे ते. "सात दिस थांबा. तुमचा एक गोळा, माया एक, दोन्ही पान्यात टाकू. सातव्या दिशी या आन नख लावून पाहा. मंग तुमी सांगाल तो चुना."

साहेब म्हणाले, ठीक है. दोन गाडगी आमच्या ओसरीत आली. सातव्या दिवशी आत्याबाईंनी ओसरी सारवली, खुर्चीही मागवून ठेवली. दुपार झाली, उन्हं कलली. साहेब आले नाहीत. ते दुसऱ्या कामावर निघून गेले होते आणि जाताना सांगून गेले होते की काम पांढऱ्या चुन्यात पुढे न्या. सात दिवस थांबायचंच नव्हतं त्यांना, काम तर ठीक है म्हटलं त्याच दिवशी सुरू झालं होतं, आणि आम्ही त्या आठवड्यात पाळीकडे फिरकलोही नव्हतो. आम्ही वेडे, सारवून बसलो होतो!

आत्याबाईंनी दोन्ही गोळे काढले. झिंगरूला बोलावलं. पांढऱ्या गोळ्यात त्याचं बोट पेरापर्यंत गेलं. आमच्या गोळ्यावर नख वाकलं. झिंगरू बोट पुसत राहिला. "मले समजते वो बाई. पन मी ठेकेदाराचा मानूस."

या पांढऱ्याच्या वेडाचं काय करावं मला अजून कळत नाही. आपल्याकडे मुलगी पांढरी पाहिजे, तांदूळ पांढरा पाहिजे, चुना पांढरा पाहिजे. कामाचं काय ते कुणी विचारत नाही. परवा एक पोरगा आला होता, चांगला शिकलेला, जुन्या बारवा आणि देवळं दुरुस्त करतो. त्याने मला मोबाईलवर एक गोणी दाखवली. म्हणाला, आजी, हा चुना पाण्याखालीही घट्ट होतो, बाहेरदेशातून मागवतो आम्ही, सिमेंटपेक्षा महाग पडतो. मी विचारलं, कशाचा करतात रे? म्हणाला, माती मिसळलेली हलकी चुनखडी असते एक, ती कमी आचेवर भाजतात. मी त्याला चहा दिला आणि आत जाऊन बसले. त्याला वाटलं म्हातारीला बरं नाही. बरं कसं असेल? नाल्यात आजही कंकर पडला आहे, आणि यांचा चुना जहाजातून येतो!

त्या साली तलाव भादव्यात काठोकाठ भरला. आश्विनात धान पोटरीला आलं, पाणी मागायला लागलं. तुडूम उघडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुडुमाच्या भिंतीतून दुधासारखं पांढरं पाणी यायला लागलं. झिंगरू धावत आला, पोती आणली, माती आणली. दुपारी भिंत आडवी झाली आणि पाळीचा तो भाग घेऊन गेली. दोन दिवसांत तलाव रिता. तळाच्या चिखलात मासेच मासे. सगळं गाव टोपल्या घेऊन उतरलं, पोरं ओरडत होती, बाया हसत होत्या, घरोघर मासे शिजले. महिन्याने धानाच्या लोंब्या हातात घेतल्या तर आत दाणा नाही. मग कुणी हसलं नाही.

पण एक झालं. गाळ सुकल्यावर आत्याबाई खाली उतरल्या. वरची भिंत गेली होती, दगड इकडेतिकडे पडले होते, आणि खालचे तीन थर होते तसे उभे होते. त्यांनी सांध्यावर नख ओढलं. मग झिंगरूच्या हातात सब्बल, लोखंडी पहार, दिली. "मार." त्याने मारली. ठिणगी उडाली, सांधा उकलला नाही. आत्याबाई ओरडून म्हणाल्या, "या रे, सारे या, डोळ्यानं पाहून घ्या!" आणि सगळ्यांनी पाहिलं. पाटलांनी पाहिलं, कास्तकारांनी पाहिलं, माझ्या नवऱ्याने पाहिलं. एकेकाने सब्बल मारून पाहिली. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे यातल्या एकालाही ते आठवलं नाही.

पुन्हा फाल्गुन आला. आमची भट्टी भरलेली होती, तिसरा दिवस होता, मोहाचा सडा पडत होता. ठेकेदार आणि एक बाबू कागद घेऊन आले. पाटलांच्या ओसरीवर गाव जमा झालं. बाबू म्हणाला, नवं तुडूम मंजूर व्हायचं तर जुनं का पडलं याचा जबाब लागतो. चुना देणारीचा अंगठा लागतो. अंगठा आजच, नाहीतर या उन्हाळ्यात काम नाही. म्हणजे आणखी एक साल धान नाही.

बाबूने कागद आधी पाटलांना दाखवला, पाटलांनी मला ओसरीच्या कोपऱ्यात बोलावलं. मराठीत लिहिला होता, तेवढी कृपा. मी वाचला. त्यात लिहिलं होतं, तुडुमाच्या बांधकामाला चुना मी, सगुणाबाईने, पुरवला. तो स्थानिक कंकराचा, हलक्या प्रतीचा होता. भिंत त्या चुन्याच्या कमजोरीमुळे पडली, हे मला मान्य आहे.

मी म्हटलं, हे खोटं आहे. पाटील म्हणाले, "खोटा हाये, मले मालूम हाये. मंग काय करू? गावानं उपाशी मरावं का?" माझा नवरा तिथेच होता. माणूस वाईट नव्हता तो. म्हणाला, "असं लिवलं हाये मनून सांगशील त आई जीव गेला तरी अंगठा देनार नाही. तेवढी ओळ नोको वाचू. तिचा काय जाते? कागद जाईल भंडाऱ्याले, कोनी पाहात नाही."

तिचा काय जाते! साहेबाचं काही गेलं नाही, ठेकेदाराचं गेलं नाही, गावाला तर तुडूम मिळणार होतं. ज्यांनी आपल्या हाताने सब्बल मारून ठिणगी पाहिली तेच लोक ओसरीवर रांगेने बसून विड्या ओढत होते आणि माझ्या तोंडाकडे पाहत होते. एवढ्या मोठ्या सरकारला भिंत का पडली हे एका बाईच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं, आणि ती बाई निरक्षर आहे याची सगळ्यांना केवढी सोय झाली होती!

आत्याबाईंना बोलावलं. त्या भट्टीवरून तशाच आल्या, हात काळे, डोळे धुराने लाल. बाबूने शाईची डबी उघडली. त्या म्हणाल्या, "पहिले माई सून वाचून दाखवंल."

मी वाचलं. गावाचं नाव वाचलं, तलावाचं वाचलं, चुना सगुणाबाईने पुरवला हे वाचलं, भिंत पडली हे वाचलं. त्या ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "माया चुन्याचा आनखी काही लिवला हाये का त्यात?"

मी म्हटलं, "नाही, आत्याबाई."

त्यांनी अंगठा दिला. शाई लुगड्याला पुसली आणि म्हणाल्या, "भट्टी उघडाची हाये, चाल." आणि पुढे निघाल्या.

नवं तुडूम सिमेंटचं झालं. खालचे तीन थर फोडायचा हुकूम होता. मजुरांनी दोन दिवस घण घातले आणि सोडून दिलं. सिमेंट त्याच थरांवर चढवलं. उद्घाटनाचा दगड बसला, त्यावर नावं आली. कुणाची, ते सांगायला नको. धान पिकलं. गाव आमच्या घरावरून जाताना रामराम करत होतं.

त्या भट्टीच्या सातव्या दिवशी ओसरीत कुणी आलं नाही. आत्याबाईंनी गोळा काढला, स्वतःच नख लावलं. चुना उत्तम होता. आठवड्याने बोदलकशाकडचा एक म्हातारा गवंडी आला, दरसाल गाडी भरून नेणारा. या वेळी गाडी नव्हती. म्हणाला, "सगुणाबाई, आता तुजा चुना घेता येत नाही. खात्यानं सरकारी कामावर कंकराचा चुना बंद केला. आन आता गावचे लोकही नोको मनतात." आत्याबाईंनी विचारलं, "काऊन?" तो म्हणाला, "तूच त अंगठा देऊन लिवून देल्लीस मने, का माया चुन्यानं भित पडली. साहेब लोक साऱ्यायले तो कागद वाचून दाखवते."

मी ओसरीतच तांदूळ निवडत होते. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या ओरडतील, शिव्या देतील, असं मला वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुले वाचता येते ना, पोरी?"

"येते."

बस, इतकंच. भट्टी त्यांनी त्यानंतर पेटवली नाही. कंकर वेचलेला होता तो अंगणात तसाच पडून राहिला, पुढे पावसात त्याच्यावर गवत आलं.

मी ओव्हरसियरवर रागावते, ठेकेदारावर रागावते, विड्या ओढणाऱ्या त्या रांगेवर रागावते, आणि माझा राग खरा आहे, त्यातला तसूभरही मागे घेत नाही. पण फाल्गुन संपत आला की सगळ्यांवर रागावून होतं आणि राग उरतोच. मग तो कुणाचा आहे हे मला कळतं. म्हणून इथे लिहून ठेवते, कुणी विचारलेलं नसताना. सगुणाबाईंच्या भट्टीचा चुना चांगला होता. भिंत त्या चुन्याने पडली नाही. कागदावर ती ओळ होती, आणि ती मी वाचली होती.

आत्याबाई त्यानंतर अकरा वर्षं माझ्याजवळ राहिल्या. माझ्या हातचं जेवल्या, माझी लेकरं सांभाळली, एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. फक्त त्या घरी नसताना त्यांच्या भावाचं पत्र येऊन पडलं, की ते कमरेला खोचून बाहेर झाडाखाली बसायच्या आणि पुढच्या खेपेला पोस्टमन येईपर्यंत दोन-दोन दिवस त्याची वाट पाहायच्या, वाचून घ्यायला.